भाड्याच्या परड्यातलं लिंबू

आत्ती,

पाया पडायची सवय आहे, पण आता पाय कुठले! म्हणून लिहूनच नमस्कार करते.

तीन वर्षं झाली तुम्हाला जाऊन. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पत्र? "काय काम काढलंस गं?" असं तुम्ही विचारणारच. कुणीही दारात आलं की तुमचं पहिलं वाक्य तेच असायचं. तर काम आहे, आत्ती. आपण घर सोडतोय. दसऱ्याच्या आत रिकामं करून द्यायचंय. दुसरं घर मिळायला एकच अडचण होती, आणि ती अडचण तुम्ही होता.

रागावू नका. नीट सांगते. दुपारची वेळ आहे, या वेळेला पिको-फॉलला कुणी येत नाही. मशीन बंद करून बसलेय.

आपले मालक, थोरले आण्णा, तुमच्यामागे वर्षभरात गेले. तिकडं भेट झाली असेलच. त्यांचे दोघे मुलगे पुण्याला असतात, हे जुनं घर कोण सांभाळत बसणार? त्यांनी जागा बिल्डरला दिली. सांगायला आले तेव्हा पेढे घेऊन आले. घर सोडा म्हणून सांगायला पेढे! मी ते वाटीत काढून घेतले आणि चहा टाकला. थोरला म्हणाला, "वहिनी, तुमाला आमी भाडेकरू कधी मानलंच न्हाय बघा." मी म्हटलं, "आमीबी विसरलोच हुतो की."

खरंच विसरलो होतो, आत्ती. सगळा घोळ त्यातूनच झालाय.

तुमच्या रक्षाविसर्जनाचा दिवस. तुम्हाला कसा आठवेल, तुम्ही मडक्यात होता. धाकट्या भाऊजींनी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं, नदीत रक्षा सोडायची नाही, नदी आधीच घाण झालीय, रक्षा झाडाच्या मुळाशी घालायची. आपल्याकडं आता बरेच जण करतात तसं. ज्यांचं शेत आहे ते शेतात करतात. आपलं शेत कुठलं? भाऊजींचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मग सगळ्यांचं एकच मत पडलं, आईचं परडं. घरामागची ती एवढीशी जागा, पण चाळीस वर्षं तुम्ही तिथं राबलात, तुमचं परडं ते तुमचंच. सगळे माना हलवत होते. दोन मास्तर होते, एक रिटायर झालेले तलाठी होते. ज्या माणसाचा जन्म सातबारा लिहिण्यात गेला, त्याच्यासुद्धा तोंडून आलं नाही की अहो, ही जागा कुणाच्या नावावर आहे! मलाही सुचलं नाही. भाड्याच्या जागेत सासूची रक्षा घालणारे आम्हीच असू.

खड्डा काढला, रक्षा घातली, वर कागदी लिंबाचं रोप लावलं. हात ह्यांचा, थोरला मुलगा म्हणून. भाऊजींना आंबा लावायचा होता. मी म्हटलं, आंब्यानं भिंत फुटेल. त्या दिवशी मी एवढंच बोलले असेन.

तेव्हापासून तुमचा लेक शिफ्टला जाताना चहाचा कप घेऊन झाडापाशी उभा राहतो. शिरोलीच्या फौंड्रीतून आला की परत दोन मिनिटं तिथंच. काहीतरी पुटपुटतात. तुम्ही होता तेव्हा तुमच्याशी इतकं बोलायचे का हो? "जेवलीस काय" आणि "गोळी घेतलीस काय", संपलं. आता मात्र पगारवाढ झाली तरी आधी झाडाला सांगतात आणि मग मला.

मागच्या वर्षी झाडाला लिंबं लागली. भरपूर लागली. मी चार तोडून घरात आणली तर हे अंगावरच आले. "आईच्या झाडाचं लिंबू चिरायचं? काय बोलतीस!" मी म्हटलं, लिंबू चिरायचं नाही तर काय पुजायचं? पण नाही. आपल्याच दारातली लिंबं शेजारची मंगल तोडून नेते, त्याचं लोणचं घालते आणि आपल्याला वाटीभर आणून देते. ते मात्र हे बोटं चाटून खातात! आणि मी मंडईतून लिंबं विकत आणते. सांगा, ह्याला काय म्हणायचं?

तर आता घर शोधायचं म्हटल्यावर ह्यांची एकच अट. परडं पाहिजे. लिंबू मुळासकट, मातीसकट काढायचं आणि नव्या घरी लावायचं. आईला बिल्डरच्या ताब्यात द्यायचं नाही. खोल्या किती, पाणी किती वेळ येतं, माझं मशीन कुठं बसेल, ह्यातलं काही नाही. गाडीवरून उतरले की सरळ घराच्या मागं चालायला लागतात. घरमालकाला वाटतं, हे संडास बघायला निघाले.

पहिला एजंट मोठा गोड बोलणारा. नवा फ्लॅट, लिफ्ट, माझ्या गिऱ्हाइकांपासून दहा मिनिटांवर. मला तर बघताक्षणी आवडला. हे म्हणाले, "झाड कुठं लावायचं?" तो म्हणाला, "पावणं, ग्यालरीत तुळस ठेवा की, झालं." हे म्हणाले, "तुळस न्हवं. लिंबू हाय. सा फूट." एजंट माझ्याकडं बघायला लागला. मी जिन्याकडं बघायला लागले.

दुसरं घर रंकाळ्याच्या मागं. जागा मोठी, पण सगळी फरशी घातलेली, मुंगीला घर करायला माती नाही. चार फरश्या काढू का, म्हणून ह्यांनी विचारलं, तर मालकांनी कपाळाला हात लावला. "माती म्हटली की चिखल, चिखल म्हटला की गांडुळं, आन गांडुळं आली की साप आलाच. न्हाय जमायचं."

तिसऱ्या घराला चांगलं परडं होतं, पण मालक म्हणाले, घरात मटण शिजवायचं नाही. कोल्हापुरात राहून! मी निघायला चप्पल घातली, तर हे म्हणतात, "बरं. सोडतो." आत्ती, तुमचा लेक! रविवारी तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावणारा माणूस मटण सोडायला निघाला. तेव्हा मला कळलं, प्रकरण साधं नाही. मी तिथल्या तिथं सांगितलं, तुम्ही सोडा, मी सोडणार नाही. येताना गाडीवर भांडण झालं. तुम्ही असता तर माझ्या बाजूनं बोलला असता, मटणाच्या बाबतीत तरी.

बाकी तुम्ही माझ्या बाजूनं फारसं बोलला नाहीत. आता लिहायलाच बसलेय तर तेही लिहिते. मी लग्न होऊन आले त्या वर्षी माहेराहून मोगऱ्याचं रोप आणलं होतं. हौसेनं परड्यात लावलं. महिन्यात वाळलं. तुम्ही शेजारच्या बायकांसमोर म्हणालात, "तुझ्या हाताला गुण न्हाय गं. तू झाडास्नी हात लावू नगंस." झालं! सव्वीस वर्षं मी त्या परड्यात कपडे वाळत घातले, भांडी घासली, पण एक बी टोचलं नाही. मला कढीपत्ता हवा असला तरी तुम्ही तोडून द्यायचा. जास्वंदीचं फूल देवाला हवं तरी तुम्हाला हाक मारायची. एकदा तुम्ही गडहिंग्लजला लग्नाला गेला होता, तेव्हा मी मिरचीच्या रोपांना पाणी घातलं, तर आल्याआल्या ओळखलंत. "कुनी घाटलं पानी? हिनंच!" एवढं काय बिघडलं होतं हो? मला तेव्हा फार लागलं होतं. अजून लागतं.

असो. चौथं घर कळंब्याला मिळालं. तलाव ओलांडून पुढं गेलं की एक गल्ली आहे, तिथं. मालकीण इंदूकाकी, साठी ओलांडलेली एकटी बाई, पुढच्या भागात राहते. मागचा भाग भाड्यानं द्यायचा. दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याकडं एक चिमुकली खोली, मशीन बसेल अशी. आणि मागं परडं! आपल्यापेक्षा दुप्पट. हे तर पावलं मोजत इकडून तिकडं फिरायला लागले. काकी म्हणाली, "लावा की, काय लावायचं ते लावा. माझं गुडघं गेल्यापास्नं नुसतं गवात माजलंय."

सगळं ठरलं होतं. चहा झाला होता. दुसऱ्या दिवशी किल्ली घ्यायला यायचं होतं. आणि तुमच्या लेकाला उमाळा आला. "लई उपकार झालं काकी. आईची रक्षा हाय त्या झाडाखाली. तिला मातीसकट आनतो हितं."

काकीनं कपबशी खाली ठेवली.

"रक्षा?"

"व्हय. आईची."

"न्हाय बाबा," ती म्हणाली. रागावून नाही, अगदी शांतपणे. "माझ्या मानसांचं करून करून मी दमलोय. दुसऱ्याची रक्षा माझ्या परड्यात नको. उद्या तुमी घर सोडून जाशीला. मग तिचं मी काय करू? महाळाला तिला निवद कोन दावनार?"

आम्ही तरी कुठं तिथं जन्मभर राहणार होतो? जी चूक आपण एकदा केली ती काकी करायला तयार नव्हती, एवढंच.

घरी आल्यावर हे आधी झाडापाशी जाऊन आले. जेवताना म्हणाले, "खोटं बोलाय पायजे हुतं." मी म्हटलं, "जमतं का तुम्हाला?" म्हणाले, "न्हाय."

मला जमतं. तीन वर्षं जमवलंय. आता जे लिहिते ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, मनातल्या मनात तुम्हालासुद्धा नाही.

तुमच्या लेकानं लावलेलं ते रोप जगलंच नाही, आत्ती.

तेरावा झाला, पाहुणे गेले आणि हे दिवसातून तीनदा बादली ओतायला लागले. मी म्हटलं, मुळं कुजतील. ऐकतायत कुठले! आई उन्हात आहे म्हणायचे. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली, मग काळी. एक दिवस हे पहिल्या शिफ्टला गेल्यावर मी खोडाला बोट लावून बघितलं, तर रोप अलगद हातात आलं. खाली मूळ नव्हतंच, नुसता चिखल. त्या माणसाच्या डोळ्यांतून तुम्ही गेल्यावर टिपूस आलं नव्हतं. ना दवाखान्यात, ना स्मशानात. जे काही होतं ते त्या बादलीत होतं. संध्याकाळी येऊन हे बघतील तेव्हा काय होईल, ह्याचा विचार करत मी पायरीवर बसून राहिले. मग उठले, रिक्षा केली आणि कळंबा रोडच्या एका नर्सरीत गेले. तेवढ्याच उंचीचं लिंबू मागितलं. मिळालं ते कलम होतं, लवकर फळ धरणारं. पदराखाली धरून आणलं, गल्लीतलं कुणी बघू नये म्हणून.

खड्डा परत उकरला. खुरपं तुमचंच. आणि रक्षा तशीच होती हो! मातीत पांढरी, मधेमधे बारीक तुकडे. खुरप्यानं सारायला मन होईना. खुरपं बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी काढली, कलम ठेवलं, दोन्ही हातांनी परत घातली, दाबली. सव्वीस वर्षं एका घरात राहिलो, पण तुम्ही इतक्या जवळ माझ्या हातात कधी आला नव्हता. मी रडले तिथं. तेराव्याला रडले होते ते बायका बघत होत्या म्हणून. हे रडणं खरं होतं.

ह्यांना काही कळलं नाही. संध्याकाळी येऊन म्हणाले, "बघ, आईनं धरलं मूळ." मी म्हटलं, धरलं की. आणि बादली लपवून ठेवली. पाणी मी घातलं. शेणखत मी घातलं. पानांवर अळी पडली तेव्हा एकेक वेचून मी काढली. हे शिफ्टला गेले की मी झाडाकडं, हे आले की मी मशीनकडं. मागच्या वर्षी भाऊजी आले होते. म्हणाले, रोपाला एवढ्या लवकर लिंबं? आईचीच कृपा! मी म्हटलं, व्हय भाऊजी. मला आतून एवढं हसू येत होतं, आणि रागही. कृपा कसली? ज्या बाईच्या हाताला गुण नाही तिच्या हातचं झाड आहे ते!

तुम्हाला हे ऐकवायचंच होतं मला. ऐकलंत ना?

तर, काकीनं नाही म्हटल्यावर दोन दिवसांनी मी एकटीच बसनं कळंब्याला गेले. ह्यांना सांगितलं, अस्तराचं कापड आणायला जाते. काकी भाजी निवडत होती. मी समोर बसले आणि तिच्याबरोबर मेथी निवडत सगळं सांगितलं. झाड आत्तींचं नाही. माझं आहे. मी विकत आणलं, मी लावलं, मी वाढवलं. रक्षा मातीत आहे. माती तिथंच राहील. मुळं धुऊन, नुसतं झाड आणते.

काकी म्हणाली, "धुऊन? मरंल की ते."

"मरंल न्हाईतर जगंल. पर माती येनार न्हाय."

तिनं बराच वेळ काड्या मोडल्या. मग विचारलं, "दादल्याला ठावं हाय?"

"न्हाय."

"मग आदी त्याला सांग. आन मगच किल्ली न्हे. लपवाछपवी घेऊन माझ्या घरात येऊ नगा. मधली भित्त पातळ हाय, मला समदं ऐकू येतंय."

बसमध्ये बसल्यावर मला नीट कळलं, मी काय कबूल करून आले. माती राहील म्हणजे तुम्ही राहाल. झाड जाईल आणि तुम्ही त्या परड्यात, बिल्डरच्या खाली. हा निर्णय मी मेथी निवडता निवडता, एका परक्या बाईसमोर घेतला. ह्यांना विचारलं नाही, भाऊजींना विचारलं नाही, तुम्हाला तर नाहीच. माझं चुकलं का, आत्ती? खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात तुम्ही नव्हता. मला ते झाड हवंय. ह्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी नाही. मला. माझ्या हातानं दुसरं काय उगवलंय? ब्लाऊज शिवते ते बायका घालून फाडून टाकतात.

काल संध्याकाळी सांगितलं. हे कामावरून आले, कप घेऊन परड्यात गेले. मी मागून गेले. म्हटलं, तुमच्याशी बोलायचंय, इथंच. सगळं सांगितलं, रोप वाळलं तिथपासून काकीच्या किल्लीपर्यंत.

झाल्यावर म्हणाले, "म्हंजी तीन वर्सं मी तुझ्या झाडाशी बोलत हुतो?"

"हो."

"तू बघत हुतीस."

"हो. खिडकीतून."

"आन गप ऱ्हायलीस."

मला वाटलं आता ओरडतील. कप आपटतील. नाही. ते धुण्याच्या दगडावर खाली बसले आणि रडायला लागले. आवाज करून, आत्ती. मंगलनं भिंतीवरून डोकावून बघितलं आणि गुपचूप खाली झाली. तुम्ही गेलात तेव्हा रडायचं राहिलं होतं, ते काल रडले. मी जवळ बसले नाही. काय करायचं ते सुचेना. ह्यांच्या हातातला चहा सांडत होता, म्हणून कप तेवढा काढून घेतला.

मग म्हणाले, "मग आई कुठं हाय?"

"इथंच. मातीत."

ते मातीकडं बघत बसले. झाडाकडं नाही, झाडाच्या बुडाकडं. आपल्या बोटांनी थोडी उकरली आणि परत सारखी केली. बोटं तशीच मातीत ठेवून म्हणाले, "आई हे परडं सोडून कुठं दोन दिस राहत न्हवती. लग्नाला गेली तरी तिसऱ्या दिवशी परत. ऱ्हाऊ दे तिला हितंच. वर काय बांधायचं ते बांधू देत."

माझ्यावर रागावलेत का? असतील. आज सकाळी डबा घेताना बोलले नाहीत. पण जाताना परड्यात गेले, आणि येताना दारात थांबून एवढंच म्हणाले, "बुधवारी रजा टाकतो." मघाशी मी काकीला फोन केला. ती म्हणाली, "सांगितलंस? मग ये की बया, किल्ली काय मी खाऊन बसलोय व्हय."

तर असं ठरलंय. बुधवारी नर्सरीवाले मामा येणार. निम्म्या फांद्या छाटायच्या, चारी बाजूंनी उकरून झाड उचलायचं, मुळं धुवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळायची आणि त्याच दिवशी कळंब्यात लावायचं. जगेल का म्हणून विचारलं, तर मामा म्हणाले, "ताई, निम्मं निम्मं." भाऊजींना हे सांगतील. ते कुठलातरी विचार मांडतील, मांडू देत.

मुळं धुवायची म्हणजे तुम्हालाच धुऊन काढायचं, हे मला कळतंय. ते काम मी मामांना करू देणार नाही. मी करीन, सावकाश, आणि ते पाणी गटारीला जाऊ देणार नाही. घमेल्यात धरून जिथल्या तिथं ओतीन. तुमचा कणसुद्धा कळंब्याला नेणार नाही आणि कणसुद्धा वाया घालवणार नाही.

कळंब्यात गिऱ्हाईक पहिल्यापासून जमवावं लागेल. जमवीन. काकीनं आत्ताच दोन ब्लाऊज शिवायला टाकायचं कबूल केलंय, आणि त्यांच्या बाह्यांवरून फोनवरच भांडलीसुद्धा. तुमची आठवण झाली.

आता एक वचन देते आणि थांबते. तुम्ही मला कधी मागितलं नाही, मीच देते. लिंबू कळंब्यात धरलं तर ठीक. वाळलं, तर मी परत नर्सरीत जाईन आणि दुसरं आणीन. पदराखाली लपवून नाही, हातात धरून, गल्लीतून चालत. कुणी विचारलं तर सांगीन, माझं झाड आहे.

तुमची सून,
सुनंदा